माळगेसरांचं पुनर्वाचन

माळगेसर गेले तेव्हा झालेल्या शोकसभेत प्रत्येक वक्त्यानं त्यांना ‘चालतंबोलतं ग्रंथालय’ म्हटलं. सर रोज सकाळी चालायचे, हे खरं आहे. बोलायचे तर अखंड. उरलेल्या शब्दाबद्दल माझं काही म्हणणं आहे. ते शोकसभेत मांडता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी माझा संबंध सांगते. मी सोलापुरातल्या एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. बटणं, चेन, कॉलरचं अस्तर, काय आलं, काय संपलं, काय मागवायचं. त्याच सवयीनं वाचनाच्याही याद्या करते. वाचून झालेली पुस्तकं, हातात असलेली, आणि अर्धवट सोडलेली. शेवटच्या यादीत सोडण्याचं कारणही लिहिते. ती यादी सगळ्यात लांब आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. अर्धवट सोडलेलं पुस्तक निदान तेवढं तरी वाचलेलं असतं. आमच्या शनिवारच्या वाचक मंडळाची मी चिटणीस. म्हणजे खुर्च्या, चहा, हॉलची किल्ली आणि सभासदांना आठवणीचे फोन. माळगेसर कायमचे अध्यक्ष. अध्यक्षाला काही आणायचं नसतं.

सर ज्युनिअर कॉलेजातून उपप्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच ऐटीत बोलत. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळू नये. त्यांची बोलण्याची एक पद्धत होती. कोणत्याही पुस्तकाचं नाव काढा, ते डोळे मिटत, मान हलवत आणि म्हणत, “सध्या तेच पुन्हा वाचायला घेतलंय.” जुनं असो, गेल्या महिन्यात आलेलं असो, सर कधी कुठलं पुस्तक वाचत नव्हते, थेट पुनर्वाचन करत होते. एकदा मी मुद्दाम विचारलं, “सर, पहिल्यांदा कधी वाचलं होतं?” ते हसून म्हणाले, “चिटणीसबाई, चांगल्या पुस्तकाला पहिली वेळ नसते.” बाजूच्या दोघांनी हे वाक्य लिहून घेतलं. अशी वाक्यं त्यांच्याकडे पुष्कळ होती, आणि ती लिहून घेणारी माणसंही सोलापुरात पुष्कळ आहेत.

त्यांच्या घरी जायचा योग मंडळाच्या कामामुळे यायचा. बाहेरची खोली म्हणजे पुस्तकांच्या भिंती. प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, आणि मांडणी उंचीप्रमाणे. विषय, लेखक, भाषा काही नाही. उंच पुस्तकं डावीकडे, बुटकी उजवीकडे, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. त्यांच्या पत्नी, शारदाबाई, ती नियमानं फडक्यानं पुसत. वरच्या कप्प्यात सत्काराच्या चादरींचे गठ्ठे. आमच्याकडे शालीऐवजी चादर देतात, आणि सरांकडे एखाद्या दुकानात नसतील इतक्या होत्या.

एकदा मंडळासाठी एक पुस्तक हवं होतं, ते मला त्यांच्या भिंतीत दिसलं. मी मागितलं. सर म्हणाले, “पुस्तक घराबाहेर गेलं की त्याचं मन उडतं.” मग एक संस्कृत श्लोक म्हणाले, ज्यात पुस्तक आणि बायको एकाच यादीत होती. शारदाबाई त्या वेळी आम्हाला शेंगाची पोळी वाढत होत्या. त्यांनी माझ्या ताटात दोन वाढल्या आणि सरांच्या ताटात अर्धी.

शारदाबाई आत गेल्या आणि सर ‘तूप आणा’ म्हणत त्यांच्यामागे गेले, तेवढ्यात मी ते पुस्तक काढून बघितलं. चांगल्या बांधणीच्या पुस्तकात खुणेसाठी रेशमी फीत असते. नव्या पुस्तकात ती बाइंडरनं मधल्याच कुठल्यातरी पानात दुमडून घातलेली असते आणि वाचणारा ती पहिल्याच दिवशी सरळ करून खाली सोडतो. या पुस्तकातली फीत बाइंडरच्याच घडीत होती. शेजारचं काढलं. तीही तशीच. त्याच्या शेजारचंही. स्टोअरमध्ये माल उघडलेला आहे की सीलबंद हे मला बोटाला कळतं. तिथे सगळा माल सीलबंद होता.

आता पुस्तकं न वाचणं हा काही गुन्हा नाही. माझा भाऊ एकही पुस्तक वाचत नाही. तो ट्रॅक्टरचे पार्ट विकतो आणि सुखात आहे. पण तो प्रस्तावना लिहीत नाही. अध्यक्षपद घेत नाही. कुणाला “तुमच्या वाचनात अजून खोली यायला हवी” असं सांगत नाही. सर हे सगळं करत.

मंडळात त्यांची कामाची रीत ठरलेली होती. आधी सगळ्यांना बोलू द्यायचं. “तरुणांनी सुरुवात करावी,” म्हणायचे. मी सोडले तर आमच्यातला सर्वांत तरुण सभासद निवृत्त पोस्टमन होता. प्रत्येक जण आपापलं सांगे. शेवटी सर उठत आणि तेच सगळं आम्हाला परत वाढत, फक्त जड भांड्यात. पोस्टमन म्हणाला असेल की शेवट घाईत उरकलाय, तर सर म्हणत, “या कृतीच्या समारोपात काळाचं एक विलक्षण आकुंचन जाणवतं.” पोस्टमन खूश होई. आपण एवढं बोललो होतो हे त्याला माहीतच नसायचं.

एका महिन्यात मात्र ही रीत अडली. ठरलेल्या पुस्तकाच्या प्रती पुण्याहून एकत्र मागवल्या होत्या. ते पार्सल टेंभुर्णीला उतरलं आणि तिथेच राहिलं. मी फोनवर फोन केले. तिथला माणूस म्हणे, “हितं हाय की मॅडम, कुटं जातंय?” कुठे जात नव्हतं, हीच अडचण होती. शनिवार उजाडला तेव्हा ते पुस्तक शहरात कुणाकडेच नव्हतं. हॉल घेतलेला, चहा सांगितलेला. मी सुचवलं, बैठक रद्द करू. सर म्हणाले, “इरली बिड्री. असू द्या. पुस्तक नसलं म्हणून काय झालं, वाचक तर आहेत.”

आणि ते त्या पुस्तकावर बोलले. पाणी न पिता. लेखकाची भाषा काळ्या मातीतून उगवलेली आहे, वाक्यावाक्यात ढेकळं फुटल्याचा आवाज येतो, बैलाच्या डोळ्यातली समजूत या लेखकाकडे आहे. टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. पुस्तक मालवाहू जहाजावरच्या एका डॉक्टरच्या आठवणींचं होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाणी. बैल सोडा, त्यात एक हिरवं पानही नव्हतं. मी वाट बघितली की कुणीतरी काही म्हणेल. कुणी म्हणालं नाही. पोस्टमन एवढंच म्हणाला, “सरांनी वेगळ्या अंगानं घेतलं असेल.” त्या दिवशी मला कळलं की सर एकटे काही करत नव्हते. ऐकणारे मिळत होते म्हणून ते चालत होतं.

जमेच्या बाजूलाही लिहायला हवं, नाहीतर हिशेब लागत नाही. सर वेळेवर येत. कुणाकडून पैसा घेत नसत. हॉलची अडचण आली तर एका फोनवर सोडवत. कुणाच्याही घरी मयत झालं की पहिले पोचत. हे सगळं खरं, आणि यातल्या कशालाही वाचन लागत नाही.

पद्माक्काचं प्रकरण झालं नसतं तर मी एवढ्यावर थांबले असते.

पद्मा गड्डम आमच्या मंडळातली. मोठ्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर त्या वॉर्डावर पुस्तक लिहिलं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दवाखान्यात दखनी, आणि लिहिलं मराठीत. मी ते सगळ्यात आधी वाचलं आणि दोन बैठकांत संपवलं. माझ्याकडून हे फार कमी पुस्तकांना मिळतं. त्यात कुठेही ‘मातृत्वाचं मंगल स्तोत्र’ नव्हतं. रक्त होतं, ओरडा होता, सासवा होत्या, पाय जड झालेल्या रात्रपाळ्या होत्या, आणि बायका होत्या. प्रत्येक बाई वेगळी.

आपल्याकडे पहिल्या पुस्तकाला प्रस्तावना लागते. पाहुण्याला ओळख लागते तशी. आणि आमच्या शहरात प्रस्तावना म्हणजे माळगेसर. त्यांची प्रस्तावना असली की हॉल भरतो, पेपरात फोटो येतो, वाचनालयं प्रती घेतात. नसली तर लेखक आपल्या प्रती आपल्याच पलंगाखाली ठेवतो. पद्माक्काला हे माहीत होतं. ती म्हणाली, “मला नाव नको गं. पण त्या बायकांची गोष्ट पलंगाखाली जायला नको.” तिनं पुस्तकाची टाइप केलेली प्रत स्पायरल करून सरांना नेऊन दिली.

बरेच महिने गेले. विचारलं की सर म्हणत, “घाई नको. तुमचं लिखाण मुरतंय माझ्यात.” शेवटी प्रस्तावना आली. ती वाचताना आम्ही दोघी माझ्या स्टोअरमध्ये बटणांच्या खोक्यांवर बसलो होतो. मागाच्या खटखटीत वाढलेल्या या लेकीनं आपल्या विणकर आईची भूक धाग्याधाग्यानं विणली आहे, अशी सुरुवात. मग खड्डामाग, मग कंदिलाचा उजेड, मग सुताच्या लडी, मग आईची भेगाळलेली बोटं. शेवटी, ‘हे पुस्तक मिटताना माझ्या कानात मागाचा ठोका घुमत राहिला.’

पुस्तकात माग नव्हता. एकही नव्हता. पद्माक्कानं कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “आमच्या घरात माग कधीच नव्हता की. वडील रेल्वेत होते, पार्सल ऑफिसला.”

सरांनी पुस्तक वाचलं नव्हतं. आडनाव वाचलं होतं. सोलापुरात गड्डम म्हटलं की माग, एवढ्यावर चार पानं निघाली होती, आणि वाईट हे की ती चांगली होती.

आम्ही सरांच्या घरी गेलो. पद्माक्का आयुष्यभर डॉक्टरांच्या चुका हळू आवाजात सांगत आलेली; तिनं तशीच सुरुवात केली.

“सर, प्रस्तावना लई सुंदर झालीये. फक्त ते मागाचं…”

“हां. तो भाग मलाही फार आवडला.”

“माग नाहीये सर पुस्तकात.”

“नाही?”

“नाही. बाळंतपणं आहेत.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता दोन शब्द दिलगिरीचे येतील. सर म्हणाले, “पद्माबाई, जरा रूपकाच्या पातळीवर बघा. नाळ म्हणजे काय? धागाच की.”

मी भिंतीतल्या पुस्तकांकडे बघत बसले, कारण सरांकडे बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते.

सरांचं अजून संपलं नव्हतं. “एक सुचवू का? एखादं प्रकरण घाला. छोटंसं. आई, माग, कंदील. तुमच्यासारख्या बाईनं लिहिलंय म्हटल्यावर वाचक ते शोधणारच. त्याला उपाशी ठेवू नका.”

“पण सर, वडील रेल्वेत होते.”

“मग आजोबा?”

“ते बी रेल्वेतच.”

“इरली बिड्री,” सर म्हणाले, “साहित्यात एवढं बघत नाहीत.”

म्हणजे प्रस्तावना पुस्तकाप्रमाणे बदलायची नव्हती. पुस्तक प्रस्तावनेप्रमाणे बदलायचं होतं. इतकं सरळ, न लाजता मागितलेलं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. आमच्या कारखान्यातसुद्धा मापं चुकली तर शर्ट उसवतात, पोराचे हात कापत नाहीत.

 रिक्षात सात रस्ता चौकाजवळ पद्माक्का म्हणाली, “घालू का गं एक प्रकरण? कोण तपासायला येतंय?”

माझ्या ओठांवर उत्तर होतं. पण पुस्तक तिचं होतं, आणि पलंगही तिचाच.

तिनं ते प्रकरण खरंच लिहिलं. मला वाचून दाखवायला स्टोअरमध्ये आली. मी तक्रार शोधत ऐकत होते आणि मला सापडत नव्हती. मागावर बसलेली आई दिसत होती, खोकला ऐकू येत होता. वाचून झाल्यावर तिनं पानं गुडघ्यावर ठेवली.

“चांगलं आलंय ना?”

“हो. चांगलं आलंय.”

“तेच तर. ह्यातलं एकही माणूस मी बघितलेलं नाही, तरी चांगलं आलंय. आणि वॉर्डातली एकेक बाई मी हातानं धरलेली आहे. तिच्या शेजारी हिला कुठं बसवू? उद्या वाचणारा म्हणेल, ही बाई जर बनवलेली आहे तर त्या कशावरून खऱ्या?”

पानं तिनं फाडली वगैरे नाहीत. नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, “प्रस्तावनेशिवाय काढायचं. प्रती राहिल्या तर राहू देत.”

सरांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांना ते कमीपणाचं वाटलं असतं. फक्त नेहमीचा हॉल आमच्या तारखेला अचानक मिळेना. मग पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयाचं वरच्या मजल्यावरचं जेवणाचं सभागृह मिळालं, तेही पद्माक्काच्या एका जुन्या पेशंटच्या नवऱ्याच्या ओळखीनं. निमंत्रणं मी पाठवली. सभासदांची यादी माझ्याकडे असते आणि मी यादीतून नाव गाळत नाही, त्यामुळे सरांनाही गेलं.

सर आले. शहरात प्रकाशन आहे आणि आपण नाही, हे त्यांना जमलं नसतं. स्टेजवर खुर्च्या दोनच होत्या, एक पद्माक्काची आणि एक छापणाऱ्याची. सर क्षणभर तिसरी शोधत उभे राहिले, मग पहिल्या रांगेत बसले. मी त्यांना श्रोत्यांत बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मंडळात ते कायम आमच्याकडे तोंड करून असत. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हात मांडीवर, नाव पुकारायची वाट बघत. कुणी पुकारलं नाही.

पद्माक्का भाषण करणार नव्हती. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. कुंभारीहून मालाच्या टेंपोतून आणलेली एक बाई, दवाखान्याच्या गेटातच मोकळी झालेली. मूल निळं. रडत नाही. पद्मासिस्टर गेटाच्या दिव्याखाली त्याला पालथं धरून पाठ चोळते आहे, वॉचमन कंदिलासारखा मोबाईल धरून उभा, आणि म्हातारी सासू परत परत एकच विचारते आहे, “व्हय वो बाई, हाय का न्हाय? हाय का न्हाय?” तिथं पद्माक्कानं पुस्तक मिटलं. “पुढचं पुस्तकात आहे,” म्हणाली आणि बसली. नर्सची नोकरी केलेली बाई, कुठं थांबायचं ते तिला कळतं.

 टाळ्या जरा उशिरानं वाजल्या.

चहाच्या वेळी प्रतींच्या टेबलाशी मी होते आणि पद्माक्का सह्या करत होती. रांगेतून सर आले. माणसं बाजूला सरली, सवयीनं. सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता वाक्य येणार.

ते म्हणाले, “ते मूल रडलं का हो?”

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यात काही घातलेलं नव्हतं.

पद्माक्कानं वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात तसं बोलली. “तुमच्याकडंच होतं की सर, इतके महिने.”

सर टेबलाकडे वळले. एक प्रत घेतली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि बाजूला झाले.

त्यानंतर ते मंडळात पहिल्यासारखेच येत राहिले, अध्यक्ष राहिले, इतर पुस्तकांवर पहिल्यासारखंच बोलत राहिले. पद्माक्काच्या पुस्तकाबद्दल मात्र मरेपर्यंत एक वाक्यही बोलले नाहीत. यावरून ते त्यांनी वाचलं असावं, असा माझा अंदाज आहे.

आणि त्या संध्याकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. माणसं गेली, मी खुर्च्या एकात एक घालत होते. सर जिन्याच्या वरच्या पायरीजवळ, ट्यूबलाइटखाली उभे होते. मधलं कुठलंतरी पान उघडायचे, बोट फिरवायचे, मागे जायचे, पुढे जायचे. शोधत होते. पहिल्या पानापासून सुरुवात करायची असते, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. त्यांनी मान वर करून विचारलं, “चिटणीसबाई, कितव्या पानावर आहे ते?”

प्रूफं मीच तपासली होती. मला पान माहीत होतं.

“सुरुवातीपासून वाचा सर,” मी म्हटलं. “येईल.”

खाली त्यांची रिक्षा हॉर्न वाजवत होती. मंगल कार्यालयाचा माणूस एकेक बटण बंद करत आमच्याकडे आला आणि जिन्यावरच्या बटणाला हात घातला. मी त्याला म्हटलं, तेवढा एक दिवा राहू द्या, किल्ली मी आणून देते.